सुगरणीचं गुपित उलगडलं ते आपल्या रायगडात! नोकरी गेलेल्या सलीम अलींची गोष्ट

महाड, पोलादपूरकडे पावसाळ्यात विहिरीवर वाकलेल्या झाडाला सुगरणीची घरटी लोंबताना सगळ्यांनीच पाहिली आहेत. ही घरटी नेमकी कोण विणतं, संसार कसा चालतो, याचा छडा जगप्रसिद्ध पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांनी लावला, तोही आपल्याच जिल्ह्यात.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी खेतवाडीत वाढवलं. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे चौकशीला गेले. तिथून पक्ष्यांचं वेड लागलं ते कायमचं.

पण वेडाने पोट भरत नाही. ब्रह्मदेशातला घरचा धंदा बुडाला. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पुढे जर्मनीत स्ट्रेझमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परत आले, तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. हातात मोठी पदवी नाही, त्यामुळे दुसरीकडेही दार बंद.

मग पत्नी तहमिनांसह त्यांनी अलिबागजवळचं किहीम गाठलं. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. इथे सुगरणींची वसाहत होती. तासन् तास बसून त्यांनी नोंदी केल्या. नाव सुगरण, पण घरटं विणतो नर! अर्धं झालं की मादी येऊन पाहून जाते. पसंत पडलं तर मुक्काम करते, मग नर बोगदा पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. या अभ्यासाने त्यांचं नाव झालं.

त्यानंतर त्यांनी पगाराच्या नोकरीचा नाद सोडला आणि संस्थानोसंस्थानी पक्षीगणना केली. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. हा घाव मोठा होता, पण काम थांबलं नाही. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आलं. सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक आणि पक्षी छायाचित्रकार लोक वान थो हे त्यांचे भटकंतीतले सोबती. १९६४ च्या विमान अपघातात तेही गेले. पुढे डिलन रिप्ली यांच्याबरोबर दहा खंडांचा ग्रंथ १९७४ पर्यंत पुरा झाला.

१९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. १९८७ साली, नव्वदी गाठून ते गेले.

सुगरण भाताच्या आणि गवताच्या पात्यांचे धागे काढून घर विणते. शेताच्या बांधावरचं झाड राहिलं, तरच ते टिकेल. घरटं शोभेसाठी तोडून घरी नेण्याआधी आत पिल्लं आहेत का, एवढं तरी बघा.