महेश्वरची नित्यपूजा

घरात पुत्रजन्म झाला, मुलीचे लग्न जमले, मुलाला चांगली नोकरी लागली, की आपल्यापैकी पुष्कळजण देवळात येऊन अभिषेकाची पावती घेतात. ही चाल उत्तमच आहे. पण ज्या घरातून वर्षभरात दोन तिरड्या उठल्या, त्या घरच्या माणसाने देवळाची पायरी चढताना देवाचे आभार कोणत्या तोंडाने मानावेत? अशा माणसाला आपण ठरावीक सांत्वनाची वाक्ये ऐकवतो. आम्हीही ती ऐकवली आहेत, आणि घरी परतताना आमची आम्हालाच लाज वाटली आहे. म्हणून या अंकी उपदेश बाजूस ठेवून, ज्यांच्या वाट्याला दौलत आणि दुःख दोन्ही अमाप आली, त्या पुण्यश्लोक अहल्याबाई होळकर यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. इंदूरकरांना ते पाठ आहे असे इंदूरकर समजतात. तरीही त्यातील काही भाग पुन्हा पाहण्याजोगा आहे.

अहल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या नजरेस ही मुलगी गावच्या देवळात पडली व त्यांनी तिला आपल्या खंडेरावाकरिता मागून घेतले, असे परंपरा सांगते. पाटलाची लेक अशी सुभेदारांची सून झाली. मालेराव व मुक्ताबाई ही दोन अपत्ये झाली. सासूबाई गौतमाबाईंच्या हाताखाली घरचा कारभार, आणि सासऱ्यांच्या हाताखाली दौलतीचे हिशेब, पत्रव्यवहार व फौजेची निगा त्या शिकल्या. सुखाचा म्हणावा असा काळ हाच.

१७५४ साली जाटांच्या कुंभेर किल्ल्याला मराठ्यांनी वेढा घातला असता खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहल्याबाई सती जावयास निघाल्या. वृद्ध मल्हाररावांनी पदर पसरावा तशी गळ घातली: पुत्र गेला तो गेला, आता सुनेनेच पुत्र होऊन राहावे. त्या राहिल्या. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सदतीस वर्षांनी तो उलटा होऊन त्यांच्यासमोर उभा राहिला.

पुढे मल्हारराव मोहिमेवरून तोफा व दारूगोळा यांच्या तजविजीविषयी सुनेला लिहीत, इतका त्यांचा तिच्यावर भरवसा बसला. १७६६ च्या मे महिन्यात आलमपूर येथे मल्हारराव वारले. मालेरावांस सुभेदारीची वस्त्रे मिळाली, आणि वर्ष पुरते न पुरते तोच, १७६७ साली, तेही गेले. पती, सासरा, पुत्र. गादीवर बसावयास कोणी उरले नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला, व राघोबादादा फौज घेऊन माळव्यात आले. बाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे मदतीची पत्रे धाडली, स्वतः लढाईची तयारी केली, आणि पुण्याहून माधवराव पेशव्यांनीही त्यांचाच हक्क उचलून धरला. दादांना परत फिरावे लागले. या प्रकरणाच्या सुरस कथा पुष्कळ आहेत. त्या इतरत्र वाचाव्यात. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे सोपवून बाईंनी मुलकी कारभार आपल्या हाती ठेवला, व राजधानी नर्मदातीरी महेश्वरास नेली.

येथून पुढची सुमारे अठ्ठावीस वर्षे म्हणजे अहल्याबाईंचे खरे चरित्र. त्यांचा दिनक्रम सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने, बाईंना पाहिलेल्या माणसांकडून ऐकून, १८२३ च्या आपल्या ग्रंथात नमूद केला आहे. सूर्योदयापूर्वी घटकाभर उठावे, स्नान, पूजा, पुराणश्रवण करावे, दानधर्म व ब्राह्मणभोजन आटोपून साधे शाकान्न घ्यावे, किंचित विश्रांती घेऊन दरबारात बसावे ते सूर्यास्तापर्यंत, आणि पुन्हा पूजा व फराळ झाल्यावर रात्री अकरापर्यंत कामकाज पाहावे. अंगावर पांढरे वस्त्र. एका लहानशा माळेखेरीज दागिना नाही. सरकारी कागदावर सहीच्या जागी त्या आपले नाव न घालता श्रीशंकराचे घालीत. राज्य शंकराचे, आपण त्याच्या कारभारीण, असा त्याचा अर्थ. आम्हाला वाटते की त्यांच्या कृतज्ञतेचे मूळ येथे सापडते. जे आपले म्हणून कधी मानलेच नाही, त्यातले जे हाती आहे तेवढ्याबद्दल धन्याचे उतराई व्हावे, एवढेच काम उरते.

आणि ते काम त्यांनी केवढे केले! काशीस विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले ते त्यांच्या हातून. सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांची यादी देऊ लागलो तर अंक पुरणार नाही. हा खर्च मुख्यतः खासगीतून, म्हणजे स्वतःच्या वाट्याच्या उत्पन्नातून होत असे. परंतु आम्हाला मंदिरांहूनही मोठी वाटते ती माल्कमनेच दिलेली एक बारीक हकिकत. महेश्वरच्या आसपास उन्हात नांगर चालत असता बाईंचा सेवक येऊन शेतकऱ्याची जोडी थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. शेतकरी पाखरांना हाकतात ते त्यांच्या परीने योग्यच, असे मानून बाईंनी काही शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी मोकळी सोडली होती. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले व पोथी नर्मदेत टाकण्यास फर्मावले. ग्रंथकाराची पुढे विचारपूसही केली नाही. (स्मरणिकांतून अध्यक्षांचे गोडवे गाणाऱ्या आम्हा लेखकांनी हे वाचून थोडे सावध व्हावे.)

आता तो कठीण भाग. मुक्ताबाईंचा एकुलता एक मुलगा नथ्याबा, आजीचा लाडका, ऐन तारुण्यात वारला. त्यानंतर वर्षभरातच, १७९१ साली, जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. साठी उलटलेल्या आईने लेकीच्या पायांवर लोळण घेतली, या वयात मला एकटी टाकू नकोस म्हणून देवाची आण घातली. लेकीने शांतपणे सांगितले की आई आता थोड्या दिवसांची सोबतीण आहे. पुत्र व पती गेल्यावर आणि तीही गेल्यावर आपले जिणे असह्य होईल, आणि सन्मानाने जाण्याची वेळ निघून गेलेली असेल. सासऱ्याच्या विनवणीने जी चितेवरून मागे फिरली होती, तिच्याच विनवणीला यश आले नाही.

बाई चितेपर्यंत चालत गेल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. पहिली ज्वाला उठताच त्यांचा धीर सुटला. त्यांनी आक्रोश केला, धरलेले हात सुटेनात म्हणून त्यांनाच दातांनी चावे घेतले. पुढे सावरून नर्मदेत स्नान केले, वाड्यात आल्या, आणि तीन दिवस अन्नाला जवळजवळ शिवल्या नाहीत. एक शब्द बोलल्या नाहीत.

काही कीर्तनकार येथे बाईंच्या मुखी ईश्वराच्या आभाराचे शब्द घालतात. आम्हाला ते मान्य नाही. त्या तीन दिवसांत बाईंनी देवाचे आभार मानले असे कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि ते मानावयास हवे होते असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. सतीच्या चालीचे गोडवेही आम्ही गाणार नाही. ती बंद झाली हे बरेच झाले. जे नमूद आहे ते इतकेच: तीन दिवसांनी त्या उठल्या, लेकीजावयाचे सुंदर स्मारक बांधविले, दरबार पुन्हा भरला, सदावर्ते चालू राहिली. अभिषेक थांबले नाहीत. सुखात ज्या हाताने शंकराला बेल वाहिला, दात उमटलेल्या त्याच हाताने पुढेही वाहिला. देऊळ सुटलेल्या कोणा दुःखी सभासदाने तीन दिवसांऐवजी तीन महिने घेतले, तर त्याला आम्ही तरी काही म्हणणार नाही.

पुढे चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, वयाच्या सत्तराव्या वर्षी महेश्वरास त्यांचे देहावसान झाले. आपल्या माळव्यातील उत्तरेकडील पंचांगात ही तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून येते. त्या दिवशी इंदुरात त्यांची पालखी निघते. ज्यांना जमेल त्यांनी सहकुटुंब जावे.

महेश्वरच्या वाड्यात त्यांनी घालून दिलेले पार्थिव लिंगार्चन अजून चालते. मातीची इवलाली शिवलिंगे रोज सकाळी हाताने घडवितात, पाटावर मांडून त्यांची पूजा करतात, आणि पूजा संपताच ती नर्मदेत सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळावयास घेतात.