दिव्याच्या उजेडात: फ्लॉरेन्स नाइटिंगेल

स्मरणिकेसाठी यंदा मीही काही लिहावे, असा अध्यक्षीणबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी एक प्रसंग आला. त्यानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे चरित्र मी दोनदा वाचून काढले, तेव्हा त्यांच्याविषयीच लिहिते.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला, म्हणून नाव तेच ठेवले. घराणे इंग्लंडातील, श्रीमंत. त्या काळी तिकडेही नर्सचे काम हलके समजत. आई व बहीण यांनी घर डोक्यावर घेतले, तरी १८५१ साली जर्मनीत कैसरवर्थ येथे जाऊन त्या शुश्रूषा शिकल्याच. लग्न केले नाही.

क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ स्त्रिया बरोबर घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या. रात्री दिवा घेऊन फिरणाऱ्या बाई आपण शाळेच्या पुस्तकात पाहिल्याच आहेत. परंतु त्या उजेडात त्या काय करीत? जो शिपाई वाचणार नाही, त्याच्या उशाशी बसत. आपल्या नजरेसमोरचा माणूस एकट्याने मरू नये, असा त्यांचा कटाक्ष असे. मागाहून त्याच्या आईला किंवा बायकोला स्वतः पत्र लिहून त्याचा निरोप कळवीत, शिल्लक पैसे पाठवीत. अशी पत्रे किती लिहिली असतील! फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरांतले सुमारे ४२ रोगी दगावत होते. मार्चात सरकारी मंडळी आली, गटारे साफ झाली, हवा खेळू लागली आणि मरण झपाट्याने उतरले.

घरी परतल्यावर बाईंनी सारे आकडे मांडले. जखमांपेक्षा रोगाने जास्त माणसे गेली होती, आणि इस्पितळाची घाण हेच मोठे कारण होते. ज्यांचे हात धरून आपण बसलो त्यांतले कितीतरी वाचले असते, हे तेव्हा उमगले. १८५७ पासून त्या बहुतेक अंथरुणालाच खिळल्या. क्रिमियातील तापाचा तो परिणाम की मनाचा घाव, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. मला विचाराल तर दोन्ही.

१८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. त्यात रोग्याला खोटी आशा दाखवणाऱ्या भेटकऱ्यांना चांगलेच फटकारले आहे. ते वाचून मी वरमले. माझ्या धाकट्या जावेचे सातव्या महिन्यात झालेले बाळ चार दिवस काचेच्या पेटीत होते. डॉक्टरांनी हात टेकल्यावरही आम्ही बायका तिला होईल गं बरं, होईल गं बरं, असेच म्हणत राहिलो. तिथल्या सिस्टरने मात्र काही न बोलता बाळ तिच्या मांडीवर दिले, नळ्या सावरून धरल्या आणि शेवटपर्यंत जवळ उभी राहिली. नंतर ती नळाखाली तोंड धुताना मला दिसली. लगेच पुढच्या पेटीकडे गेली, तिथेही बाळ होतेच. तिला कसे वाटते, हे आमच्यापैकी कुणीच विचारले नाही. जाऊबाई आता म्हणते, त्या चार दिवसांत खरे तेवढे त्या सिस्टरनेच केले.

बाईंनी १८६० साली लंडनला नर्सांची शाळा काढली. १८६१ च्या स्वस्त आवृत्तीत, बाळ सांभाळणाऱ्या मुलींसाठी एक प्रकरण घातले. मोठ्यांना जे सोसते ते बाळाला सोसत नाही, म्हणून स्वच्छ हवा, ऊब व स्वच्छता यांना जपावे, असे त्यात समजावले आहे. सुइणी शिकवण्यासाठी एका इस्पितळात बाळंतिणींचा वॉर्डही सुरू केला. पण सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या, तेव्हा १८६७ साली स्वतःच्या हाताने उभारलेले ते काम बंद करविले. पुढे १८७१ साली या मृत्यूंवरही पुस्तक लिहिले. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, तरी इथल्या आरोग्यासाठी अंथरुणावरून वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

१३ ऑगस्ट १९१० रोजी नव्वदाव्या वर्षी त्या वारल्या. थोरामोठ्यांच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरण्याचा मान घरच्यांनी नाकारला. गावाकडच्या दगडावर पूर्ण नावही नाही, नुसती आद्याक्षरे व जन्ममृत्यूची साले आहेत.