ऐकून शिकलेले गुलाबराव महाराज

परीक्षा आली की पनवेलच्या कॉलेज ग्रुपवरही ‘रायटर हवाय’ असा मेसेज फिरतो. तो वाचताना गुलाबराव महाराज आठवतात.

1881 साली अमरावती जिल्ह्यात, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वर्षाचे व्हायच्या आतच दृष्टी गेली. पण ऐकायचा भारी नाद! वाचता येणारा कुणी भेटला की ग्रंथ वाचून घ्यायचे, ऐकलेलं लक्षात ठेवायचे. पुढे ते सांगत गेले आणि शिष्य लिहून घेत गेले. 1915 मध्ये, अवघ्या 34 व्या वर्षी ते गेले, तेव्हा मागे शंभराहून जास्त ग्रंथ होते. लोक त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात.

याला चमत्कार म्हणून मोकळं होणं सोपं आहे. बुद्धी त्यांचीच, पण वाचणारा आवाज आणि लिहिणारा हात मिळाला नसता तर?

तेव्हा हे माणसं भेटण्यावर होतं. आज 40 टक्के किंवा अधिक अंधत्व असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक आणि तासामागे किमान 20 मिनिटं जादा मिळतात. शिष्यवृत्तीही आहे, त्यासाठी यूडीआयडी कार्ड आधीच काढून ठेवलेलं बरं. हे उपकार नाहीत, हक्क आहे.

फक्त लिहिणारा हात अजूनही कुणीतरी द्यावा लागतो. पुढच्या मेसेजला ‘मी येतो’, ‘मी येते’ म्हणाल?