लुडविग बोल्ट्झमान

अत्तराची कुपी उघडतांच सुगंध खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोहोंचतो. पदार्थमात्र सूक्ष्म कणांचे बनलेले असून ते कण सदैव गतिमान असतात, म्हणूनच असें घडतें. आज शाळेंत सहज शिकविलें जाणारें हें तत्त्व विद्वानांस पटवून देण्यासाठीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्या थोर शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

लुडविग बोल्ट्झमान यांचा जन्म ता. २० फेब्रुवारी १८४४ रोजीं व्हिएन्ना येथें झाला. ते पंधरा वर्षांचे असतांना, करखात्यांत नोकरीस असलेले त्यांचे वडील निवर्तले; तथापि शिक्षण खंडलें नाहीं. १८६६ सालीं डॉक्टर ही पदवी मिळवून अवघ्या पंचविसाव्या वर्षीं ते ग्राट्झ येथें प्राध्यापक झाले.

घनपदार्थांतील कण एकमेकांस धरून जागच्या जागीं कंप पावतात. द्रवांत ते एकमेकांजवळून सरकत जातात. वायूंत ते स्वैर धांवून पात्राच्या भिंतींवर आदळतात, व त्यांतूनच वायूचा दाब उत्पन्न होतो. वायूंविषयीं क्लॉसियस व मॅक्सवेल यांनीं घातलेल्या पायावर बोल्ट्झमान यांनीं इमारत उभारली. एकेका कणाची वाट सांगतां आली नाहीं, तरी कोट्यवधि कणांच्या समुदायाचें वर्तन गणितानें सांगतां येतें, हें त्यांनीं दाखविलें. कणांची मांडणी विस्कळित होण्याचे प्रकार नीट राहण्याच्या प्रकारांहून अतिशय अधिक असतात. म्हणून तापलेलें पाणी निवतें, पण निवलेलें आपोआप तापत नाहीं.

परंतु जे दिसत नाहींत ते अणु मानावे कशास, असा माख, ओस्टवाल्ड प्रभृति पंडितांचा आक्षेप होता. १८९५ सालीं ल्यूबेक येथील परिषदेंत मोठा वाद झाला. तरीहि ओस्टवाल्ड यांच्याशीं असलेला स्नेह त्यांनीं तुटूं दिला नाहीं. पुढें दृष्टि मंदावली, मनोव्याधि बळावला, आणि ता. ५ सप्टेंबर १९०६ रोजीं दुईनो येथें त्यांचा शोचनीय अंत झाला.

त्यापूर्वीं एकच वर्ष, १९०५ सालीं, आइन्स्टाइन यांनीं पाण्यांत तरंगणाऱ्या बारीक कणांच्या अखंड हालचालीचें गणित मांडलें होतें. १९०८ सालीं पॅरिस येथें पेराँ यांनीं तें प्रयोगानें पडताळून पाहिलें, आणि १९०९ सालीं खुद्द ओस्टवाल्ड यांनीं अणूंचें अस्तित्व मान्य केलें. हा जय पाहण्यास बोल्ट्झमान उरले नव्हते. व्हिएन्ना येथील त्यांच्या थडग्यावर त्यांच्या सिद्धान्ताचें सूत्र कोरलेलें आहे.

सत्यास मान्यता मिळण्यास विलंब लागतो. परंतु तेवढ्यानें तें असत्य ठरत नाहीं. विरोधकाचें मत खोडावें, मैत्री मोडूं नये, हाहि धडा आमच्या विद्यार्थ्यांनीं या चरित्रापासून घ्यावा.