लोखंडी नांगर विकायलाच दोन वर्षं लागली: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

भातकुलीकडच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात ट्रॅक्टरचा पल्टी नांगर चालताना तुम्ही पाहिलाच असेल. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बैलानं ओढायचा साधा लोखंडी नांगरही शेतकरी वावरात घालू देत नव्हते. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी भीती होती. ही भीती घालवणारा माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचं होतं, पण...

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेसाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथं कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. मग त्यांनी यंत्रांची रेखाटनं शिकायला घेतली, कारण तिथं रंग लागत नाहीत, माप लागतं. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथं भावासोबत सायकलचं दुकान होतं. त्याच्या जोडीला कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर बनवायला सुरुवात झाली.

नांगरात वेगळं काय होतं?

लाकडी नांगर जमीन फक्त चिरतो, माती जागच्या जागीच राहते. लोखंडी नांगराचे दोन भाग महत्त्वाचे. फाळ खालून माती कापतो आणि त्यामागचा वाकवलेला पत्रा ती उचलून उलटी टाकतो. कुंदा, हराळीसारख्या तणांच्या मुळ्या त्यामुळे वर येऊन उन्हात वाळतात. मातीत दडलेले किडींचे कोषही उघडे पडतात. फाळ घासून झिजतो, म्हणून तेवढाच बदलता आला पाहिजे. नाहीतर शेतकऱ्याला अख्खा नांगर नवा घ्यावा लागेल.

एवढं असूनही पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. वस्तू चांगली होती, अडचण विश्वासाची होती. दुसऱ्याच्या शेतात काम झालेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत कोण पैसे टाकणार? पीक बुडालं तर वर्ष जातं.

माळरानावरचं गाव

त्यातच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन आणि कर्ज दिलं. 1910 मध्ये निवडुंगानं भरलेल्या त्या माळावर कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. तीच आज सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईना, तशी देशी अवजारांची मागणी वाढली. पण ओतकामाला लागणारं बीड आणि कोळसाही मिळेना, म्हणून लाकडी कोळशावर भट्टी चालवावी लागली. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. पुढे पंप आले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून आला आणि 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले.

आज ड्रोन फवारणी किंवा नवं ॲप बघून गावातला एखादा म्हातारा मान हलवतो, तेव्हा त्याला अडाणी म्हणू नका. आधी एका वावरात चालवून दाखवा. आणि पुढच्या नांगरटीला ट्रॅक्टरमागचा नांगर जवळून बघा. फाळ आणि माती उलटवणारा पत्रा तिथंही दिसेल.