'स्टुडंट' कोण होता?

वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या पदवीला संख्याशास्त्राचा पेपर असतो. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन इथपर्यंत गाडी सुरळीत चालते. मग अनुमानाचे प्रकरण येते आणि पुस्तकाच्या शेवटी छापलेला एक तक्ता उघडावा लागतो, स्टुडंट्स टी. विद्यार्थ्यांसाठी सोपा करून दिलेला हा तक्ता असावा, असे अनेकांना वाटते. 'स्टुडंट' हे एका माणसाचे टोपणनाव होते, हे शिकवताना सांगितले तरी पुढच्या तासापर्यंत कोणाच्या लक्षात राहात नाही. नव्या औषधाने रक्तदाब खरोखर उतरला की योगायोगाने, हे ठरवतानाही डॉक्टर मंडळी हाच तक्ता वापरतात. तो तयार करणारा माणूस डॉक्टर नव्हता, अर्थतज्ज्ञ नव्हता आणि प्राध्यापकही नव्हता. तो बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता.

विल्यम सीली गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ रोजी इंग्लंडमधल्या कँटरबरी गावी झाला. वडील लष्कराच्या इंजिनीअर दलात कर्नल. मुलानेही तिकडेच जायचे असे ठरत होते, पण नजर अधू निघाली आणि लष्कराचा रस्ता बंद झाला. विंचेस्टरच्या शाळेतून तो ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात गेला आणि तिथे आधी गणितात, मग १८९९ मध्ये रसायनशास्त्रात पहिला वर्ग मिळवला. त्याच वर्षी डब्लिनच्या गिनेस कंपनीने त्याला नोकरी दिली.

गिनेस तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या ब्रुअरींपैकी एक होती. काळीभोर स्टाउट बिअर पिंपांच्या पिंपांनी बाहेर पडायची आणि प्रत्येक पिंपाची चव सारखीच लागली पाहिजे हा कंपनीचा हट्ट होता. आता बार्ली शेतात पिकते, हॉप्स वेलीवर वाढतात, यीस्ट तर जिवंतच असते. यातले काहीच दरवर्षी सारखे निघत नाही. म्हणून कंपनी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या ताज्या विज्ञान पदवीधरांना घेत होती आणि त्यांच्यापुढे प्रयोगांच्या आकड्यांचे ढीग टाकत होती. गॉसेटला गणित येते हे कळल्यावर ते ढीग त्याच्या टेबलाकडे वळू लागले.

अडचण अशी होती की ढीग दिसायला मोठा असला, तरी प्रत्येक प्रश्नापुरते आकडे मूठभरच असायचे. एका शेतातल्या बार्लीपासून किती अर्क निघतो हे पाहायला चार-पाच चाचण्या व्हायच्या, त्याहून अधिक करायला वेळ आणि पैसा लागे. त्या काळातले संख्याशास्त्र मात्र शेकड्यांनी मोजमापे हाताशी आहेत असे धरून चाले. १९०४ मध्ये गॉसेटने कंपनीसाठी एक अंतर्गत टिपण लिहिले आणि चुकीचा सिद्धांत ब्रुअरीच्या कामाला कसा लावता येईल ते मांडले. त्यातच त्याने एक व्यापारी प्रश्नही उभा केला होता. किती खात्री पुरेशी? त्याचे म्हणणे असे की हे गणित ठरवू शकत नाही. चूक झाली तर किती पैसे बुडतील आणि आणखी एक चाचणी करायला किती लागतील, यावर ते ठरावे. आज वाणिज्य शाखेची मुले पाच टक्क्यांची पातळी वेदवाक्यासारखी पाठ करतात. कारखान्यात बसून विचार करणाऱ्या गॉसेटला असा एकच आकडा सगळीकडे लावणे पटले नसते.

१९०५ च्या उन्हाळ्यात तो सायकल मारत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राध्यापक कार्ल पिअर्सन यांना भेटायला गेला. संख्याशास्त्रात तेव्हा पिअर्सन यांचा शब्द शेवटचा, आणि ते सुट्टीसाठी बर्कशायरमधल्या ईस्ट इल्सी गावी आले होते. त्या भेटीतून पुढे कंपनीने गॉसेटला १९०६-०७ साठी पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत पाठवले. नुकतेच त्याचे लग्न झाले होते. पत्नी मार्जरी फिलपॉट्स हॉकीपटू होती.

लंडनमध्ये त्याने आधी यीस्टच्या पेशी मोजण्याचा प्रश्न सोडवला. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रक्तपेशी मोजण्यासाठी बारीक चौकटी आखलेली काच असते, हिमोसायटोमीटर. तीच काच वापरून ब्रुअरीत यीस्ट मोजत. सारे मिश्रण सारखेच ढवळले, तरी एका चौकटीत दोन पेशी आणि शेजारच्या चौकटीत सात असे निघते. ही तफावत किती असणे स्वाभाविक आहे आणि किती चौकटी मोजल्या म्हणजे आकड्यावर विसंबता येईल, हे त्याने गणिताने दाखवले. १९०७ मध्ये हा लेख 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात छापून आला. लेखकाचे नाव होते 'स्टुडंट'.

या टोपणनावाबद्दल बऱ्याच दंतकथा आहेत. त्याने कंपनीपासून लपवून संशोधन केले, ही त्यातली एक, आणि ती साफ खोटी. एका कर्मचाऱ्याच्या प्रकाशनातून पूर्वी कारखान्याची गुपिते बाहेर गेली होती, म्हणून स्वतःच्या नावाने कोणी लिहू नये असा गिनेसचा नियम होता. वरिष्ठांच्या संमतीनेच लेख गेला, फक्त नाव बदलून. गुपित राहिले ते प्रतिस्पर्ध्यांसाठी. संख्याशास्त्राचा आपल्याला काय उपयोग होतो हे इतर ब्रुअरींना कळू नये इतकाच हेतू.

१९०८ चा लेख म्हणजे टी-चाचणीचा जन्म. त्यातली गोम एका उदाहरणाने पाहू. समजा एका कंपनीने चार दुकाने निवडून रोजची विक्री मोजली. सरासरी ५० हजार रुपये, प्रमाण विचलन ४ हजार. चारचे वर्गमूळ दोन, म्हणून सरासरीची प्रमाण त्रुटी २ हजार. नेहमीच्या घंटाकृती वक्रातला १.९६ हा गुणक घेतला तर ९५ टक्के खात्रीची पट्टी साधारण ४६,१०० ते ५३,९०० अशी येते. पण हे ४ हजारांचे विचलन आले कुठून? त्याच चार दुकानांतून. म्हणजे सरासरी जशी अंदाजाने काढली तसे विचलनही अंदाजानेच काढले आहे, आणि चार आकड्यांवरून काढलेले विचलन कधी फसवे लहान निघते. सरासरीची शंका आपण धरली, विचलनाची धरायला विसरलो. गॉसेटने ही दुसरी शंकाही हिशेबात घेतली. त्याच्या तक्त्याप्रमाणे चार आकड्यांसाठी गुणक १.९६ न राहता ३.१८ होतो आणि पट्टी जवळपास ४३,६०० ते ५६,४०० इतकी रुंदावते. दहा आकडे असतील तर गुणक २.२६, तीस असतील तर २.०५. नमुना वाढला की फरक मिटत जातो. तिसाच्या वरचा नमुना मोठा समजावा, हा वर्गात शिकवला जाणारा नियम इथून आला आहे.

गणिताने काढलेला वक्र खरा आहे का, हे तपासायची त्याची रीत मला त्या लेखातली सर्वांत लोभस गोष्ट वाटते. इंग्लंडमधल्या ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी आधीच मोजून प्रसिद्ध झाली होती. गॉसेटने ती ३००० पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पिसली, एकेक उचलली आणि चार-चारचे ७५० गट केले. प्रत्येक गटाची सरासरी आणि विचलन हाताने काढले आणि आपल्या वक्राशी ताडून पाहिले. आज संगणक हे काम क्षणात करतो आणि त्याला सिम्युलेशन म्हणतात.

मग त्याने उदाहरण घेतले ते झोपेच्या औषधाचे. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या मनोरुग्णालयात दहा रुग्णांना दोन औषधे देऊन झोप किती तास वाढली याची नोंद झाली होती. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास, दुसऱ्याने २.३३ तास. दोन वेगवेगळ्या टोळ्यांची तुलना करण्याऐवजी गॉसेटने प्रत्येक रुग्णाचा स्वतःशीच फरक काढला. मुळात कमी झोपणारा आणि मुळात गाढ झोपणारा यांच्यातली तफावत अशाने आपोआप बाजूला पडली. दहा फरकांची सरासरी १.५८ तास आली. दुसरे औषध अधिक गुणकारी आहे, या बाजूने त्याने ६६६ विरुद्ध १ असा भाव काढला. पहिल्या औषधाने काही झोप वाढते का, यासाठी भाव होता ८ विरुद्ध १ इतकाच. गंमत अशी की औषधांची नावे उतरवून घेताना त्याच्या हातून चूक झाली. ती चूक पुढे रोनाल्ड फिशर यांच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकातही जशीच्या तशी उतरली. आकडेमोड बरोबर, बाटलीवरची चिठ्ठी चुकलेली. औषधशास्त्राच्या दृष्टीने ही चूक लहान नाही.

लेख छापून आला आणि जवळपास कोणीच त्याची दखल घेतली नाही. पिअर्सन यांना मोठे नमुने लागत, इतक्या थोड्या आकड्यांवर काम करणे हा ब्रुअरीवाल्यांचा खोडसाळपणा आहे अशा अर्थाची थट्टा त्यांनी केली होती. १९१२ मध्ये केंब्रिजहून फिशर नावाच्या तरुणाचे पत्र आले. गॉसेटने जे अर्धे अंदाजाने मांडले होते, त्याची फिशरने अनेक मितींच्या भूमितीतून पक्की सिद्धता दिली होती. गॉसेटला ती समजली नाही, आणि तसे कबूल करून त्याने ती पिअर्सन यांच्याकडे पाठवून दिली. नमुन्यातल्या संख्येपेक्षा एकाने कमी असलेली ती स्वातंत्र्य कोटी फिशरची, टी हे आजचे रूपही त्यानेच रूढ केले. पुढे नवे तक्ते करण्यासाठी गॉसेट छोट्या हातयंत्रावर दांडी फिरवत बसे. ते पाठवताना त्याने फिशरला गमतीने लिहिले होते की ते वापरणारा बहुधा तू एकटाच असशील. १९२५ मध्ये फिशरचे पुस्तक आले आणि चाचणी जगभर गेली.

पिअर्सन आणि फिशर यांचे हाडवैर होते. गॉसेट दोघांचाही मित्र राहिला, आणि ज्यांनी ती भांडणे वाचली आहेत त्यांना हे किती कठीण होते याची कल्पना येईल. १९२६ मध्ये पिअर्सन यांचा मुलगा इगॉन याने त्याला विचारले की एखादे गृहीतक नाकारायचे ते नेमके कशाच्या जोरावर? गॉसेटने उत्तर दिले की घडलेली गोष्ट दुर्मिळ आहे एवढ्याने गृहीतक पडत नाही, तीच गोष्ट अधिक चांगल्या रीतीने समजावणारे दुसरे गृहीतक समोर असावे लागते. या धाग्यावरून इगॉन पिअर्सन आणि जेर्झी नेमन यांनी गृहीतक चाचणीचा सिद्धांत उभा केला. परीक्षेत शून्य गृहीतकाच्या खाली पर्यायी गृहीतक लिहावे लागते, त्याचे मूळ या पत्रात आहे.

१९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर परगण्यात एक भव्य प्रयोग झाला. ६७ शाळा, २० हजार मुले, फेब्रुवारी ते जून. पाच हजार मुलांना रोज पाऊण पिंट, म्हणजे सुमारे सव्वाचारशे मिलिलिटर कच्चे दूध, पाच हजारांना तेवढेच पाश्चराइज्ड दूध, उरलेल्या दहा हजारांना काही नाही. वजन-उंची सुरुवातीला आणि शेवटी. दुधाने मुले वाढतात आणि दोन्ही दुधे सारखीच, असा निष्कर्ष निघाला. २० हजारांच्या नमुन्यापुढे कोण बोलणार?

छोट्या नमुन्यांचा हा माणूस बोलला. १९३१ च्या लेखात त्याने दाखवले की मुलांची निवड आधी चिठ्ठ्या टाकून किंवा अक्षरक्रमाने केली होती खरी, पण एखाद्या गटात फार धष्टपुष्ट किंवा फार रोडकी मुले आली तर अदलाबदल करायची मुभा शिक्षकांना होती. शिक्षकही माणसेच. समोर उपाशी दिसणारे पोर असताना दूध दुसऱ्याला कोण देईल? परिणामी दूध न मिळालेली मुले सुरुवातीलाच दूधवाल्यांपेक्षा भरलेली निघाली, वजनात सुमारे तीन महिन्यांची आणि उंचीत चार महिन्यांची वाढ पुढे. शिवाय वजन कपड्यांसकट केले होते. फेब्रुवारीच्या थंडीत खात्यापित्या घरची मुले जाड लोकरीत असत, जूनमध्ये पातळ कपड्यांत. गरिबाच्या मुलाला दोन्ही ऋतूंत तेच कपडे. म्हणजे दूध न मिळालेल्यांचे वजन कपड्यांपायीच कमी वाढलेले दिसणार. आणि एका शाळेत एकाच प्रकारचे दूध दिले होते, त्यामुळे दोन दुधांची तुलना शाळाशाळांच्या फरकात अडकली.

गॉसेटचा उपाय असा, की एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या आणि जोडीतल्या कोणाला कोणते दूध हे नाणे उडवून ठरवा. खर्च मूळ प्रयोगाच्या एक-दोन टक्के आणि उत्तर अधिक भरवशाचे. झोपेच्या औषधातली जोडीची युक्तीच ही.

एरवी तो डब्लिनजवळ राही, फळझाडे लावी, सुतारकाम करी, होड्या बांधी. १९३४ मध्ये त्याची मोटार दिव्याच्या खांबाला धडकली, मांडीचे हाड मोडले आणि तीन महिने अंथरुणात काढावे लागले. ते त्याने संख्याशास्त्राला दिले. पुढच्या वर्षी गिनेसने लंडनमध्ये पार्क रॉयल इथे नवी ब्रुअरी काढली तेव्हा तिची जबाबदारी त्याच्याकडे आली. शेवटची दोन वर्षे फिशरशी वाद झाला. शेतातले वाफे निव्वळ चिठ्ठ्या टाकून वाटावेत असे फिशरचे मत होते. जमिनीचा कस एका बाजूला उतरत जातो हे माहीत असताना वाफे समतोल मांडावेत, असे गॉसेटचे. मैत्री मात्र तुटली नाही.

१६ ऑक्टोबर १९३७ रोजी बीकन्सफील्ड इथे हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. वय ६१. मुख्य ब्रुअर होऊन काही महिनेच झाले होते. वाफ्यांच्या वादावरचा त्याचा लेख पुढच्या वर्षी 'बायोमेट्रिका'त आला, त्यावरही नाव 'स्टुडंट' हेच होते.