मोजणीत बाई धरणारी डॉक्टर

महिला मंडळ काढणं सोपं, चालवणं अवघड. ज्या मैत्रिणींनी एकदा तरी मंडळाची वही सांभाळली आहे, त्यांना हे सांगायला नको. पहिल्या सभेला सतरंजी पुरत नाही आणि वर्ष सरेपर्यंत चहा करणारी आपणच, पिणारीही आपणच! म्हणूनच डॉ. जेरुशा झिराड यांच्याविषयी वाचताना मला त्यांच्या पदव्यांपेक्षा त्यांनी चालवलेल्या एका छोट्याशा प्रार्थनामंडळीची गोष्ट जास्त भावली.

जेरुशा या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातल्या. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेले ते आपले पूर्वज, असं हा समाज मानतो. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी, अंगावर लुगडं, आडनावं पेणकर, दिवेकर अशी गावावरून पडलेली. झिराड हेही अलिबागकडच्या गावाचंच नाव. नवस फेडायचा तर पोहे, खोबरं, गूळ, सुकामेवा घालून मलिदा करायचा आणि एलियाहू पैगंबराचं नाव घ्यायचं.

जेरुशांचा जन्म १८९० च्या सुमारास शिमोग्याचा. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. त्या अकरा वर्षांच्या असताना मोठी बहीण खूप आजारी पडली आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये बरी झाली. तिथे बायकांना बायकाच तपासतात, हे या मुलीने डोळ्यांनी पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं, आपण डॉक्टर व्हायचं, तेही याच हॉस्पिटलची.

ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. पहिलं महायुद्ध त्यांनी तिथेच काढलं आणि १९१९ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात एम.डी. मिळवली. त्या काळात आपल्याकडच्या मुलीने हे करणं म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी.

पण लंडनमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. तिथे क्लॉड माँटेफिओरे आणि लिली माँटेग्यू यांनी १९०२ पासून ज्यू धर्मात उदारमतवादी चळवळ सुरू केली होती. प्रार्थना लोकांना कळेल अशा भाषेतही व्हावी, स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावं, असा त्यांचा आग्रह. १९१८ मध्ये तर लिलीबाईंनी प्रार्थनागृहात स्वतः प्रवचन दिलं. जेरुशा तेव्हा लंडनमध्येच होत्या. या मंडळींशी त्यांची ओळख झाली आणि हा विचार त्यांच्या मनात पक्का बसला.

यात बायकांच्या दृष्टीने मोठी गोष्ट कोणती, ते समजून घ्यायला हवं. परंपरेप्रमाणे ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला निदान १० पुरुष हजर लागतात. नऊ पुरुष आणि पन्नास बायका जमल्या तरी मोजणी नऊच! शुक्रवारी संध्याकाळी घरात दिवे लावायचे बाईने, सणाचा सगळा स्वयंपाक तिचा, पण प्रार्थनागृहात तिची जागा वेगळी, वरच्या सज्जात वगैरे. प्रार्थना हिब्रूतली, ती किती जणींना कळत असेल? उदारमतवादी विचाराने बाईलाही मोजणीत धरलं.

परत आल्यावर दिल्ली आणि बंगळुरू इथे नोकरी करून जेरुशाबाई मुंबईत आल्या आणि १९२५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने इथे ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ सुरू झाली. हीच मंडळी पुढे भायखळ्याची ‘रोडेफ शालोम’ म्हणून ओळखली गेली. रोडेफ शालोम म्हणजे शांतीचा ध्यास घेणारा.

नाव शांतीचं, पण सुरुवात काही शांततेत झाली नाही. समाज आधीच लहान, त्यात ही नवी फळी कशाला, असं जुन्या वळणाच्या लोकांना वाटलं. ते अगदीच चूक होतं असंही मला वाटत नाही. लहान समाजाला फुटीची भीती असतेच. पण जेरुशाबाईंनी जुन्याशी भांडण मांडलं नाही. ज्यांना समजून प्रार्थना करायची आहे, त्यांच्यासाठी एक जागा उभी केली आणि ती नेटाने चालवली.

हे सगळं कधी? तर कामा हॉस्पिटलचा भार सांभाळताना. १९२८ ते १९४७ त्या तिथल्या प्रमुख होत्या. लहानपणी ठरवलेलं त्यांनी खरं केलं! लग्न त्यांनी केलं नाही. मुंबईत बाळंतपणात बायका नेमक्या कशाने दगावतात, याचा त्यांनी १९३७-३८ मध्ये शोध घेतला. तो अहवाल १९४१ मध्ये छापला गेला. बाळंतीण गेली की नशिबाला बोल लावून लोक मोकळे होत. या बाईंनी एकेक मृत्यू मोजला आणि कारण विचारलं. मला तर प्रार्थनामंडळी आणि हा अहवाल एकाच स्वभावातून आलेले वाटतात. जिथे बाई हिशेबात नव्हती, तिथे त्यांनी तिला धरलं.

मंडळी फार मोठी कधीच झाली नाही. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि मुंबई-कोकणातली घरं एकामागून एक रिकामी होऊ लागली. विसेक हजारांचा समाज बघता बघता काही हजारांवर आला. तरीही १९५७ मध्ये जागतिक उदारमतवादी संघटनेने ह्यूगो ग्रिन नावाचे तरुण रब्बी मुंबईला पाठवले. ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला हा माणूस काही वर्षं आपल्या भायखळ्यात प्रार्थना चालवत होता.

जेरुशाबाईंना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८४ मध्ये त्या गेल्या. मंडळी मात्र त्यांच्या मागेही राहिली.

आपल्या मंडळाच्या वहीत या महिन्यात सातच सह्या असतील, तर मन खट्टू करू नका. पण एक बघा, गावातली कुठली बाई आपण अजून मोजलीच नाही? पुढच्या सभेचं बोलावणं आधी तिच्या घरी जाऊ दे.